काचपेटीतला समुद्र आणि शेवाळाचा जमाखर्च

माळव्यात, गुजरातेत किंवा तेलंगणात पिढ्यान्‌पिढ्या स्थायिक झालेल्या आपल्या मंडळींना समुद्र भेटतो तो बहुधा सुटीत, आणि तोही चार दिवसांपुरता. त्यामुळे इंदूर-बडोद्याच्या एखाद्या दिवाणखान्यात निळसर उजेडाखाली डुलणारे प्रवाळ आणि त्यांच्यामधून फिरणारा नारिंगी-पांढरा विदूषक मासा दिसला, की पाहुणे हातातला चहा विसरून काचेपाशी जाऊन उभे राहतात. पूर्वी घरच्या मत्स्यपेटीची मजल गोड्या पाण्यातील गप्पी, एंजल आणि सोनमासे इथपर्यंतच असे. आता एल.ई.डी. दिवे, समुद्री मिठाची तयार मिश्रणे आणि पाणी शुद्ध करण्याची यंत्रे मिळू लागल्यामुळे पन्नास-साठ लिटरच्या पेटीतही प्रवाळ जगवता येतात.

या छंदाचा पहिला महिना मोठा सुखाचा असतो. पाणी आरशासारखे, वाळू पांढरीशुभ्र, दगड कोरे. मग एके दिवशी काचेवर तपकिरी साय धरते. ती पुसावी तो वाळूवर किरमिजी पापुद्रा पसरतो. तो उपसून काढावा तो दगडांवर हिरवी लव उगवते आणि पंधरवड्यात तिच्या जटा होतात. घरधनी रोज संध्याकाळी बाह्या सारून पेटीत हात घालून बसतात, मुलांचा उत्साह ओसरतो आणि वर्ष उलटायच्या आत पेटी माळ्यावर जाते. माळ्यावर जाते ती काच. तिच्यातल्या जीवांचे काय झाले, हे सहसा कोणी बोलत नाही. प्रवाळ हा दगड नव्हे आणि वनस्पतीही नव्हे. तो प्राणी आहे, आणि आपण त्याला पोसण्याचे पत्करलेले असते. म्हणून शेवाळाचा प्रश्न नुसत्या स्वच्छतेचा उरत नाही.

आमचे म्हणणे थोडक्यात असे आहे. शेवाळ म्हणजे पेटीच्या हिशेबवहीतील शिल्लक होय. जमेच्या बाजूला काय येते आणि खर्चाच्या बाजूला काय जाते हे जो पाहील, त्याचे शेवाळ आटोक्यात येईल. जो केवळ शिल्लक खरवडत बसेल, त्याला ती रोज खरवडावी लागेल.

एका पंक्तीतले दोन जेवणारे

प्रवाळाच्या पेशींत सूक्ष्म शैवले वस्ती करून असतात. ती सूर्यप्रकाशावर साखर तयार करतात आणि तिचा मोठा भाग आपल्या यजमानाला देतात. यजमान त्यांना आसरा देतो आणि आपल्या शरीरातील टाकाऊ द्रव्ये खत म्हणून पुरवतो. या देवघेवीमुळेच प्रवाळभित्ती अत्यंत कमी खताच्या, नितळ पाण्यात उभ्या राहू शकतात. प्रवाळभित्तींच्या रचनेवर चार्ल्स डार्विन यांनी १८४२ साली ग्रंथ प्रसिद्ध केला. इतक्या निःसत्त्व पाण्यात इतकी समृद्ध वस्ती कशी, या कोड्याला पुढे त्यांचेच नाव मिळाले. कोड्याचे उत्तर काटकसरीत आहे. तेथे कण वाया जात नाही. एकाचे उष्टे दुसऱ्याच्या ताटात जाते.

आपली पेटी मात्र सुबत्तेचे घर असते. नायट्रेट आणि फॉस्फेट ही दोन खते तिच्यात रोज ओतली जातात. प्रवाळ आणि उपद्रवी शेवाळ हे एकाच पंक्तीला बसलेले असून दोघांनाही हवे ते तेच: प्रकाश आणि खत. दिवा कायमचा विझवला तर शेवाळाबरोबर प्रवाळही मरेल. म्हणून येथे तोडगा काढायचा तो तोलाचा.

जमेची बाजू

हिशेब प्रत्यक्ष आकड्यांनीच मांडू. ६० सेंटिमीटर लांब, ३० रुंद आणि ३० उंच अशा पेटीत ५४ लिटर पाणी मावते. वाळू आणि दगड वजा जाता ते ४५ लिटरच्या आसपास उरते. माशांच्या कोरड्या खाद्यात साधारणपणे शेकडा एक भाग फॉस्फरस असतो. दिवसाकाठी अर्धा ग्रॅम खाद्य टाकले, तर त्यातून ५ मिलिग्रॅम फॉस्फरस, म्हणजे सुमारे १५ मिलिग्रॅम फॉस्फेट पेटीत येते. ते ४५ लिटरांत वाटले तर लिटरमागे ०.३३ मिलिग्रॅम होते. प्रवाळाच्या पेटीत फॉस्फेट लिटरमागे ०.०३ ते ०.१ मिलिग्रॅमच्या दरम्यान राखावे असा जाणकारांचा सामान्य संकेत आहे. म्हणजे एका दिवसाच्या चिमटीत या मर्यादेच्या तिप्पट माल असतो. त्यातील काही भाग माशांच्या अंगी लागतो, काही बाहेर जातो, हे खरे; तरीही खाद्य टाकणाऱ्या हाताने हा आकडा लक्षात ठेवावा. माशांनी दोन मिनिटांत संपवले तेवढेच त्यांचे जेवण. गोठवलेले खाद्य असल्यास ते वितळल्यावर बारीक गाळणीत धुऊन घ्यावे. त्या पाण्यातही खत असते.

दुसरी जमा अधिक गुप्तपणे होते. वैशाखात पंख्याखाली ठेवलेल्या उघड्या पेटीतून दिवसाला एक लिटर पाणी सहज उडते. वाफेबरोबर जाते ते केवळ पाणी. मीठ मागे राहते, म्हणून ही तूट गोड्या पाण्याने भरायची असते. पण ती नळाच्या पाण्याने भरली, तर त्या पाण्यातील सिलिकेट, नायट्रेट, फॉस्फेट आणि चुना हेही मागेच राहतात. दीड महिन्यात ४५ लिटर, म्हणजे अख्ख्या पेटीएवढे नळाचे पाणी तिच्यात आटवले गेलेले असते. बासुंदी आटवावी तसाच हा प्रकार! नर्मदेचे पाणी माणसांना कितीही गोड लागो, प्रवाळाच्या पेटीसाठी ते आर.ओ. यंत्रातून आणि त्यानंतर क्षार शोषणाऱ्या रेझिनच्या नळीतून गाळूनच घ्यावे. घरातले पिण्याचे आर.ओ. यंत्र यासाठी सहसा पुरेसे नसते, कारण चवीसाठी अनेक यंत्रांत थोडे मूळ पाणी किंवा क्षार पुन्हा मिसळलेले असतात. विरघळलेले क्षार मोजणारे छोटे टी.डी.एस. मापक मिळते, त्यावर आकडा शून्याजवळ यावा.

तिसरी जमा दगडांत दडलेली असते. चुनखडीचे दगड आणि वाळू फॉस्फेट धरून ठेवतात आणि पाण्यातले प्रमाण घटले की ते हळूहळू परत सोडतात. म्हणून सर्व उपाय करूनही दोन-तीन महिने शेवाळ हटत नाही. ते जुने देणे असते. फिटायला वेळ लागतोच.

येथे एक इशारा द्यावासा वाटतो. पुष्कळदा चाचणीत नायट्रेट शून्य, फॉस्फेट शून्य आणि दगडावर मात्र हिरवे रान असे दृश्य दिसते. चाचणी खोटी नसते. पाण्यात येणारे खत शेवाळाने तेथल्या तेथे उचललेले असते. पगार हाती पडताच किराणावाल्याने नेला, तर खिसा रिकामा दिसतो. त्यावरून पगार झालाच नाही असे कोणी म्हणत नाही.

खर्चाची बाजू

खर्चाचा पहिला मार्ग म्हणजे पाणी बदलणे. दर आठवड्यास दहावा हिस्सा पाणी काढून तितकेच ताजे खारे पाणी घालावे. समजा नायट्रेट लिटरमागे ४० मिलिग्रॅम आहे आणि नवी भर पडत नाही. तर पहिल्या आठवड्यात ते ३६ होईल, पुढच्या आठवड्यात ३२ आणि सात आठवड्यांनी सुमारे १९. एकाच दिवशी निम्मे पाणी बदलूनही तितकीच घट होते. पण पाण्याच्या गुणधर्मांतील असा एकाएकी बदल प्रवाळाला सोसत नाही. ताज्या पाण्यात लिटरमागे ३५ ते ३८ ग्रॅम समुद्री मीठ लागते. अंदाजावर न जाता विशिष्ट गुरुत्व १.०२५ च्या आसपास आहे आणि उष्णता पेटीइतकीच आहे, हे पाहून मगच ते ओतावे.

दुसरा मार्ग म्हणजे हातांनी उपटणे. हे काम कमी प्रतीचे मानू नये. उपटलेली प्रत्येक जट म्हणजे तिने खाल्लेले खत पेटीबाहेर गेले. मात्र ती पाण्यात तुटून विखुरली तर केलेले काम पाण्यात जाते. म्हणून एका हाताने उपटावे आणि दुसऱ्या हातातील नळीने लगेच ओढून घ्यावे. सुटा होणारा दगड असल्यास तो पेटीतून काढलेल्या खाऱ्या पाण्याच्या बादलीत जुन्या दातघासणीने घासावा आणि बादली ओतून द्यावी.

तिसरा मार्ग काट्याने काटा काढण्याचा. पेटीच्या मागे किंवा खाली वेगळा कप्पा करून तेथे किटोमॉर्फा नावाचे, तारेच्या गुंडाळ्यासारखे दिसणारे शेवाळ मुद्दाम वाढवतात आणि वाढेल तसे कापून टाकतात. अमेरिकेतील स्मिथसोनियन संस्थेचे शास्त्रज्ञ वॉल्टर ॲडी यांनी याच तत्त्वावर, जाळीवर शेवाळ वाढवून पाणी शुद्ध करणारे यंत्र तयार केले. १९८२ साली त्यांना त्याचे पेटंट मिळाले. शेवाळ वाढायचेच असेल तर ते आपण नेमून दिलेल्या जागी वाढावे, असा यामागचा विचार आहे. याखेरीज फेसाबरोबर घाण बाहेर काढणारे स्किमर आणि फॉस्फेट शोषणारे लोहयुक्त दाणे ही साधनेही आहेत. दाणे थोडे-थोडेच वापरावेत. फॉस्फेट एकदम उतरले तर प्रवाळ फिकट पडतात.

शत्रूची ओळख

सगळे शेवाळ एका जातीचे नसते आणि काही शेवाळ तर शेवाळही नसते. उपाय करण्याआधी ओळख हवी.

नव्या पेटीतली तपकिरी साय ही डायॅटमची असते. त्यांचे कवच सिलिकाचे असते. पाण्यातले सिलिकेट संपले की ती आपोआप ओसरते. तिच्यासाठी धावपळ नको.

वाळूवर पसरणारा किरमिजी, बुळबुळीत पापुद्रा सायनोबॅक्टेरियांचा, म्हणजे जीवाणूंचा असतो. हे कूळ फार पुरातन. सुमारे २४० कोटी वर्षांपूर्वी पृथ्वीच्या वातावरणात प्राणवायू साठू लागला तो यांच्याच कृपेने. पेटीत मात्र ते कोंडलेल्या पाण्याच्या आणि साचलेल्या गाळाच्या जागा शोधतात. पंपाचा झोत तिकडे वळवावा, गाळ ओढून घ्यावा, खाद्य कमी करावे.

हिरव्या मऊ जटा या बहुधा डर्बेसिया आणि तिच्यासारख्या जातींच्या असतात. त्यांना वर सांगितलेला जमाखर्च आणि चरणारे प्राणी लागू पडतात. पिसासारखी रचना दिसली तर ती ब्रायॉप्सिस. ती चिवट असते आणि फारसे प्राणी तिला तोंड लावत नाहीत, दिसताक्षणी काढावी. हिरव्या काचेच्या गोटीसारखी चमकते ती व्हॅलोनिया. तिची अख्खी गोटी म्हणजे एकच पेशी, हे मुलांना जरूर दाखवावे. ती न फोडता, नखाने बुडापासून अलगद सोडवावी.

एक शत्रू मात्र उलट्या रीतीचा आहे. तपकिरी, शेंबडासारखे तार, त्यांत अडकलेले हवेचे बुडबुडे, सकाळी विरळ आणि संध्याकाळपर्यंत दाट असे दिसले, तर ते डायनोफ्लॅजेलेट असण्याचा संभव मोठा. घरात शाळकरी मुलांचा सूक्ष्मदर्शक असेल तर थेंबभर पाणी पाहावे. गरगर फिरणारे कण ताबडतोब कळतात. यांच्यातील काही जाती विषारी असून ते खाणाऱ्या गोगलगाई मरतात. हे संकट पुष्कळदा येते ते खत शून्यावर नेल्यामुळे. इतर सर्व जीव उपाशी पडले, की यांना रान मोकळे मिळते. अशा वेळी पाणी बदलणे काही दिवस थांबवून नायट्रेट आणि फॉस्फेट मोजून थोडे वर आणावे लागते. रात्री पाण्यात तरंगणाऱ्या जातींवर अतिनील दिव्याचाही उपयोग होतो. काटकसर चांगली, पण तिची उपासमार होऊ देऊ नये. नायट्रेट लिटरमागे २ ते १० मिलिग्रॅम असावे.

आणि एक मित्रही ओळखून ठेवावा. दगडांवर धरणारे गुलाबी-जांभळे कठीण कवच हेही शैवालच आहे, चुना बांधणारे. समुद्रात ते प्रवाळभित्तीचे दगड सांधते. ते पसरू लागले की पेटी रुळली असे समजावे. काचेवरचे तेवढे खरवडून दगडांवरचे राहू द्यावे.

चरणारे नसतील तर

खताइतकेच महत्त्व चरणाऱ्यांना आहे, याचा धडा कॅरिबियन समुद्राने दिला. तेथील भित्तींवर डायडेमा नावाचा लांब काळ्या काट्यांचा सागरी अर्चिन शेवाळ खात असे. १९८३ साली पनामाच्या किनाऱ्यापासून त्यांच्यात साथ पसरली आणि वर्षभरात त्या समुद्रातील बहुतेक सगळे अर्चिन नाहीसे झाले. जमैकात शेवाळ खाणारे मासे माणसांनी आधीच भरमसाट पकडून संपवत आणले होते, आणि १९८० च्या चक्रीवादळाने प्रवाळ मोडले होते. उरलेला एक चरणारा गेला आणि शेवाळाला आवर घालणारे कोणी राहिले नाही. १९७० च्या दशकाच्या अखेरीस जमैकाच्या भित्तींचा निम्म्याहून अधिक भाग जिवंत प्रवाळाने व्यापलेला होता. १९९० च्या दशकाच्या आरंभी तो शेकडा पाचाच्याही खाली आला, आणि शेवाळाने व्यापलेला भाग शेकडा ४ वरून ९२ वर गेला. २०२२ साली कॅरिबियनमध्ये अर्चिनांवर पुन्हा साथ आली. ती एका सूक्ष्म एकपेशीय जीवामुळे आल्याचे २०२३ साली शास्त्रज्ञांनी दाखवून दिले.

महासागरात जे घडले ते पन्नास लिटरांत घडायला महिनाही पुरतो. म्हणून पेटीत चरणारे हवेतच. छोट्या पेटीला आरंभी चार-पाच गोगलगाई पुरतात. ट्रोकस जातीची गोगलगाय उलटी पडली तर स्वतः सरळ होते, हा तिचा मोठा गुण. सोबत शंखात राहणारे एक-दोन छोटे खेकडे ठेवावेत. शेवाळ खातो म्हणून सर्जन जातीचा मासा छोट्या पेटीत मुळीच आणू नये. तो वीतभर वाढतो आणि त्याला पोहायला जागा लागते. आणखी एक गोष्ट: शेवाळ संपले की गोगलगाई उपाशी मरू लागतात. तेव्हा त्यांना वाळवलेल्या समुद्री शेवाळाचा, नोरीचा, तुकडा द्यावा. कामापुरते ठेवून घेतलेल्या जीवाचे काम संपले म्हणून त्याचे जेवण बंद करणे आपल्या घरांच्या रीतीत बसत नाही.

औषधांचा मोह

बाजारात शेवाळनाशक औषधे असतात. गोड्या पाण्यासाठीच्या कित्येक औषधांत तांबे असते. ते गोगलगाई, खेकडे आणि प्रवाळ यांना मारक ठरते, शिवाय दगडांत मुरून बसते. प्रवाळाच्या पेटीत त्याचा थेंबही नको. सायनोबॅक्टेरियांवर प्रतिजैविके चालतात, पण पाणी शुद्ध ठेवणारे उपयुक्त जीवाणूही त्यांना बळी पडू शकतात. माणसांची अशी औषधे माशांच्या पेटीत ओतणे समाजाच्या आरोग्यालाही हितकारक नाही. तीन दिवस पेटी झाकून अंधार करण्याचा उपाय त्या मानाने सौम्य. परंतु त्या काळात मरणारे शेवाळ प्राणवायू शोषते, म्हणून पंप चालू हवा, आणि नंतर मेलेला चोथा काढून घ्यायलाच हवा. जमाखर्च सुधारला नाही तर महिन्याभरात सारे पूर्ववत होते. एरवी दिवा रोज आठ तास पुरे, आणि पेटी उन्हाच्या खिडकीपाशी ठेवू नये.

पेटीबाहेरचे कर्तव्य

आपल्याकडेही खरे प्रवाळ आहेत. मालवणच्या खडकांवर, गोव्याच्या ग्रँड आयलंडभोवती, कच्छच्या आखातातील १९८२ साली स्थापन झालेल्या सागरी राष्ट्रीय उद्यानात आणि कान्होजी आंग्रे यांचे नाव मिरवणाऱ्या, विजयदुर्गापासून सुमारे शंभर किलोमीटर आत असलेल्या आंग्रिया बँकेवर. वन्यजीव संरक्षण कायद्याने २००१ पासून भित्ती बांधणाऱ्या प्रवाळांना सर्वोच्च संरक्षण दिले आहे. सहलीला गेल्यावर एखादा सुंदर तुकडा पिशवीत टाकणे हा गुन्हा आहे. दुकानातून प्रवाळ घेताना ते रीतसर कागदपत्रांनिशी आलेले आहेत ना, याची विचारणा करावी.

तसेच पेटीतून काढलेले शेवाळ खाडीत, नदीत किंवा ओढ्यात कधीही टाकू नये. गोव्यातील वाचकांनी हे विशेष ध्यानात घ्यावे. मत्स्यालयांत वाढवलेल्या कॉलर्पा जातीच्या शेवाळाचा एक लहानसा ठिपका १९८४ साली मोनॅको येथील सागरी संग्रहालयाखालच्या समुद्रात आढळला. पुढे तेच शेवाळ भूमध्य समुद्राच्या किनाऱ्याने हजारो एकरांवर पसरले. २००० साली ते कॅलिफोर्नियाच्या एका खाडीत सापडले, तेव्हा ते निपटून काढायला सहा वर्षे आणि लक्षावधी डॉलर लागले. काढलेले शेवाळ उन्हात कडक वाळवून कचऱ्यात टाकावे, म्हणजे प्रश्न मिटला.

रविवारचा तास

या सगळ्याचे रोजच्या भाषेतले तात्पर्य फार सोपे आहे. दर रविवारी तासभर काढावा. काच पुसावी, जटा उपटून नळीने ओढाव्यात, त्याच पाण्याबरोबर दहावा हिस्सा पाणी काढावे, ताजे घालावे. नायट्रेट, फॉस्फेट आणि विशिष्ट गुरुत्व मोजून वहीत तारखेसह लिहावे. खाद्य किती टाकले हेही लिहावे. एका वेळी एकच बदल करावा आणि तीन आठवडे त्याचा परिणाम पाहावा. चार उपाय एकत्र केले तर गुण कशाने आला हे कळत नाही आणि अपाय कशाने झाला हेही कळत नाही. वही लिहिण्याचे काम घरातील मुलांकडे दिले तर उत्तमच. दोन महिन्यांनी मागची पाने चाळताना आकडे खाली येताना आणि दगडांवर गुलाबी कवच चढताना त्यांना स्वतःच्या अक्षरात दिसेल.

थोडे शेवाळ शेवटपर्यंत राहील आणि ते राहू द्यावे. गोगलगाईंनाही जेवायचे असते.